तुम्ही शिवलेला तडितवीर

वहिनी,

आपल्या वादाचा निकाल लागला. तुमचा तेरावा होऊन चार-सहा दिवस गेले आणि लागला, तोही माझ्या विरुद्ध. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून मी तुमचं डोकं खाल्लं, ती तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होती. एवढी मोठी बातमी, आणि ऐकायला तुम्हीच नाही. भाऊ असला तरी अण्णाला सांगण्यात अर्थ नाही, त्याला ती माझ्या आधीपासून माहीत होती. म्हणून तुम्हालाच लिहायला बसलोय.

पेपरात तुमची छोटीशी श्रद्धांजली आली. फोटो कुठल्या लग्नातला काढला कोण जाणे, त्यात तुम्ही ओळखू येत नाही. खाली छापलंय, ‘धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.’ धार्मिक ठीक आहे. पण मनमिळाऊ लिहिणाऱ्यानं तुमच्याशी कॉमिक्सवरून कधी वाद घातलेला नसणार.

आमच्या वहिनीनं वडीगोद्रीच्या रोडवर, मोटार वाइंडिंगच्या दुकानात एक सुपरहिरो सांभाळून ठेवला होता, हे पेपरवाल्यांना कुठून माहीत असणार? तडितवीर त्याचं नाव. अंगावर पिवळा झगा, कमरेला निळा पट्टा, पँटवरून घातलेली चड्डी आणि अंगात आभाळातली वीज. दिल्लीकडच्या कुठल्याशा लहान कंपनीनं त्याची हिंदी पुस्तकं काढली, दोन-तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि तडितवीर लोकांच्या डोक्यातून गेला. पुन्हा त्याला कुणी छापलं नाही. पण तुमचं माहेर जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या काठी, रद्दीच्या दुकानाचं. न खपलेले गठ्ठे तुमच्या वडलांकडं यायचे आणि काट्यावर जायच्या आधी तुम्ही त्यातून तडितवीर उचलून घ्यायच्या. लग्नानंतरही तुमचे भाऊ दिवाळीला, पंचमीला साडीबरोबर तो आणून द्यायचे. साडीकडं तुमचं लक्ष नंतर जायचं.

ही पुस्तकं टिकली ती अण्णाच्या धंद्यामुळं. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळली की तो ती बैलगाडीत नाहीतर टेम्पोत टाकून आपल्याकडं आणायचा. अण्णा जुनी तार काढणार, नवी तांब्याची तार भरणार, मधे जाड कागद घालणार, कापडी पट्टीनं गुंडाळणार, वर वार्निश मारणार. तुम्ही आलात आणि ह्यातलं सगळं सामान तडितवीराला वापरलं. तोच जाड तपकिरी कागद पुठ्ठा म्हणून, तीच कापडी पट्टी पाठीला, दाभणानं आरपार शिवण, आणि वरून ब्रशानं वार्निश. अण्णा कुरकुरायचा, “मोटारीचा माल पुस्तकाला लावून राह्यली ही.” तुम्ही म्हणायच्या, “मोटार परत जळंल, पुस्तक न्हाई जळायचं.” त्या वार्निशामुळं त्याला कसर लागली नाही की वाळवी लागली नाही. एक चूक मात्र झाली, असं मी म्हणत आलो. शिवण्याआधी तुम्ही वरची रंगीत कव्हरं फाडून टाकायच्या, कारण कव्हर आधी फाटतं आणि मग सगळं पुस्तक उसवतं. अंकाचा नंबर छापलेला असायचा तो नेमका कव्हरवर. कव्हर गेलं की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे फक्त तुमच्या डोक्यात.

मी पॉलिटेक्निकला नापास होऊन औरंगाबादहून परत आलो तेव्हाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. अण्णा माझ्याशी बोलत नव्हता. आई फक्त जेवायला हाक मारायची. मी दुकानात एका कोपऱ्यात खाली मान घालून बसायचो, पेचकस दे म्हटलं की पेचकस द्यायचो. एक दिवस घर आणि दुकान यांच्या मधल्या दाराचा पडदा हलला आणि आतून एक हात बाहेर आला. हातात तडितवीर.

“भाऊजी, वाचा.”

“मी कशाला वाचू?”

“लोक नुसतेच बसून राह्यलेत तिथं. वाचून दाखवा त्यांना. मोठ्यानं. मला बी ऐकू येऊ द्या.”

आता कळतं, त्यात तुमचाही स्वार्थ होता. नवी सून गिऱ्हाइकासमोर येऊन बसणार नाही, हा आपल्या घरचा रिवाज. तुम्ही पडद्याआड पिठाचा डबा पालथा घालून त्यावर बसायच्या. गोष्ट तुमची, आवाज माझा. बाहेर मोटारीची वाट बघत बसलेले मोसंबीवाले, उसावाले. त्यांना हिंदी बेताचीच यायची, म्हणून मी वाचता वाचता मराठी करायचो, आणि मराठी म्हणजे आपली इकडची. आभाळातून उतरलेला तडितवीर त्या बर्फाच्या राक्षसाला, हिमकाळाला, माझ्या तोंडून सुनवायचा, “अय, बिलकुल हलू नको. लई झालं तुझं. मंग म्हणशील सांगितलं न्हाई.” लोक मांडीवर थाप मारून हसायचे. मी एखादं पान आळसानं गाळलं की पडद्यामागून आवाज यायचा, “भाऊजी, मधलं एक पान गेलं. मागं या.” सगळं दुकान माझ्याकडं बघायचं आणि मी मागं जायचो.

त्या हिरोची एक खोड होती. अंगातली वीज संपली की तो लुळा पडायचा, पुन्हा ढग येईपर्यंत कामातून जायचा. मुंबई-दिल्लीच्या पोरांना ह्यात काय वाटलं असेल ते असो, आपल्या गिऱ्हाइकांना तो घरचाच वाटला. बापूराव म्हणून एक होते, पलीकडच्या वस्तीवरचे, त्यांची मोटार सारखी जळायची. ते मान हलवून म्हणायचे, “ह्याची बी लाइट आपल्यासारखीच हाय. येती कवा, जाती कवा.” त्यांनीच त्याचं नाव तडतड्या पाडलं. पुढं गावात सगळे तेच म्हणायला लागले. तुम्हाला ते आवडायचं नाही. “तडितवीर म्हणा नीट,” असं तुम्ही आतून म्हणायच्या, पण हळू, आईला ऐकू जाणार नाही असं.

मग पुरवणी परीक्षा आली. मी औरंगाबादला जाऊन महिनाभर राहिलो, ह्या वेळी पास झालो. परत आलो तेव्हा तडितवीराचे शेवटचे भाग तुमच्या माहेराहून आलेले होते, आणि ते सगळे एकत्र शिवून, वार्निश मारून, वाळवून तयार होते. मी एका बैठकीत वाचलं आणि आपला वाद सुरू झाला.

काय होतं, की मधे एके ठिकाणी हिमकाळ सगळं शहर काळोखात टाकतो. दवाखाने बंद, दिवे बंद. तडितवीर आपल्या अंगातली सगळी वीज तारांमध्ये सोडतो. शहर उजळतं आणि त्याची राख होते. चित्रात नुसता झगा पडलेला. पान उलटलं की पुढं हा पठ्ठ्या धडधाकट! आईच्या गावाला चाललाय. तिथं विहिरीवरची मोटार बंद पडलीय, पिकं सुकलीत, तो मोटारीवर हात ठेवतो आणि पाणी धो धो पाटाला लागतं. बाया-पोरं नाचतात. संपलं पुस्तक.

मी पुस्तक घेऊन थेट चुलीपाशी आलो. “वहिनी, क्रम चुकलाय तुमचा. हे गावाचं आधी पाहिजे आणि राखेचं शेवटी.”

“न्हाई. बराबर हाय.”

“अहो, मेल्यावर परत कसा येईल?”

“त्याला काय अवघड हाय? वीज हाय ती.”

“बरं, हा पट्टा बघा. हिमकाळाशी लढताना पट्टा जळून काळा होतो, तो मरेपर्यंत काळाच आहे. गावाला जातो तेव्हा निळा. म्हणजे गावाचं आधीचं झालं की नाही?”

तुम्ही पट्टा बघितला. भाकरी उलटली. म्हणालात, “धुतला असंल.”

मी पुस्तक घेऊन परत दुकानात गेलो.

पण मी सोडलं नाही. तुम्हीही नाही. माझं लग्न झालं, पोरं झाली, तुमचा सदा मोठा झाला, तरी सणासुदीला पुरणपोळीच्या ताटावर आपला पट्टा निघायचाच. माझी बायको पहिल्या दिवाळीला घाबरलीच होती, दीर-भावजयीचं वाटणीवरून काहीतरी बिनसलंय असं तिला वाटलं. मी एकदा भिंगाची काच घेऊन आलो, शाईचा रंग दाखवायला. तुम्ही भिंग घेतलं आणि त्यातून तांदळातले खडे शोधत बसलात.

दरम्यान तुम्ही कधीतरी पडद्याच्या बाहेर आलात. नेमकं कधी ते मला सांगता यायचं नाही, मी तेव्हा इथं असेन-नसेन. पुढं तर दुकानात तुमचीच खुर्ची होती, आणि नियमही तुमचा. दाराशी बादली, कपडे धुवायची पावडर, आणि ऑइलचे हात धुतल्याशिवाय पुस्तकाला बोट लावायचं नाही. घरी न्यायचं नाही. इथंच बसून वाचायचं. टीव्ही आला, घरोघरी आला, तरी मोटारी जळायच्या थांबल्या नाहीत, त्यामुळं तुमचे वाचकही कमी झाले नाहीत.

मला जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली ती पॉलिटेक्निकच्या कागदावर, पण टिकली तुमच्यामुळं. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही, आता बोलतो. आमचं काम म्हणजे गावोगाव शेतकऱ्यांचे मेळावे घ्यायचे आणि बोलायचं. आमचे कृषीचे पदवीधर इंग्रजी शब्द टाकून बोलतात आणि लोक उठून चहाला जातात. मी उभा राहिलो की बसतात. साहेब विचारायचे, “तुम्ही हे कुठं शिकलात?” मी आपलं काहीतरी सांगायचो. खरं उत्तर असं, की वाट बघून कंटाळलेल्या माणसापुढं बोलायचं कसं, त्याला हसवायचं कुठं, थांबायचं कुठं, हे मला पडद्याआडून एका बाईनं शिकवलं. मधलं पान गाळायचं नाही, हेही.

एकदा पिंपळगाव रेणुकाईला मेळावा होता. संपल्यावर एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. वडीगोद्रीकडची लेक, इकडं दिलेली. म्हणाली, “भाऊ, तुम्ही तडतड्यावाले ना? मी बाबांसंग यायची दुकानात. पोरांना मी रोज तीच गोष्ट सांगते, राख होतो आणि मंग येऊन मोटार चालू करतो ती.” मी तिला म्हणणार होतो की ताई, ते उलटं आहे. पोरगं माझ्याकडं बघत होतं, नाही म्हणालो. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही दोन दिवस गालातल्या गालात हसत होतात, आणि माझ्या पानात पहिल्यांदा मी न मागता दुसरी पोळी पडली.

मग नदीम आला. औरंगाबादचा पोरगा, लग्नपत्रिका छापायचं काम करणारा, आणि जुन्या कॉमिक्सचं वेड. आता कॉम्प्युटरवर असले वेडे एकमेकांना शोधून काढतात. गावोगावची रद्दीची दुकानं पालथी घालत तो तुमच्या माहेरी पोचला, तिथून इथं. तुम्ही त्याला आधी बादली दाखवली. हात धुऊन, पुसून तो बसला, पुस्तक उघडलं आणि त्याचा आवाजच बदलला. “चाची, ये आखरी के पार्ट पूरे हिंदुस्तान में किसी के पास नहीं हैं. आम्ही समजत होतो ते छापलेच न्हाई.” त्या दिवशी मी तुम्हाला लाजताना बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

नदीमला सगळ्या पानांचे फोटो घेऊन तडितवीर पुन्हा छापायचा होता, जगाला द्यायचा होता. अडचण एवढीच, की तुमची शिवण अशी घट्ट आणि वार्निश असं पक्कं, की पुस्तक पूर्ण उघडतच नाही. अर्धी चित्रं शिवणीत अडकलेली. पाठ चिरावी लागणार होती. आणि एकदा चिरली की कागद पापडासारखा झालेला, पुन्हा शिवायला गेलं तर तुकडे होणार. मग छापताना पानं ज्या क्रमानं लागतील, तोच क्रम कायमचा.

“चिरू न्हाई देणार,” तुम्ही म्हणालात.

मी नदीमच्या बाजूनं होतो. “वहिनी, लोकांना खरी गोष्ट कळू द्या की.”

“लोकांचं काय अडलंय? वाचायचं असंल त्यानं इथं यावं. मी च्या पाजते.”

नदीम वर्षभर येत राहिला. तुम्ही चहा पाजत राहिलात. पुस्तक मिळालं नाही, तरी तो पोरगा कधी चिडला नाही. ईदला शीरखुर्मा घेऊन आला, पंचमीला तुमच्या हातची पोळी खाऊन गेला. चिडायचो तो मीच.

त्यानंतर तुमचं आजारपण. ते मी इथं लिहीत बसत नाही. जालन्याच्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली होती, तुम्हाला तेवढीच एक गोष्ट तिथली आवडली. कंपनी सुटली की मी थेट दवाखान्यात यायचो. एका संध्याकाळी तुम्हाला बरं वाटत होतं, उसाचा रस मागितलात, तेव्हा मी पुन्हा एकदा विषय काढला. काढायला नको होता असं सगळे म्हणाले, पण तुम्हाला राग आला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. तुम्ही रसाचा ग्लास खिडकीत ठेवलात. मग म्हणालात, “लावा तुमच्या क्रमानं. द्या त्या नदीमला. पोरगं चांगलं हाय. पण मी असताना न्हाई.”

मी म्हटलं, “असं काय बोलता?”

“रस लई गोड हाय,” तुम्ही म्हणालात.

त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात. सदा जवळ होता, अण्णा जवळ होता. मी रस्त्यात होतो.

वडीगोद्रीला आणलं तेव्हा दुकानासमोर माणसं मावत नव्हती. आपल्या जातीतली, भावकीतली थोडी, आणि बाकी सगळी मोटार जळलेली माणसं. काहींचे तर बाप तुमचे वाचक होते आणि आता मुलं आली होती. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यानं थांबून विचारलं, कोण पुढारी गेला का. कुणीतरी म्हणालं, “न्हाई, तडतड्यावाली वैनी.” तुम्ही असता तर म्हणाला असता, तडितवीर म्हणा नीट.

तेराव्यानंतर नदीमला फोन केला. तो पातळ पात्याची सुरी, ब्रश आणि कसलंसं औषध घेऊन आला. न सांगता बादलीकडं गेला. अण्णानं दुकानातल्या टेबलावरचं सामान बाजूला केलं, पांढरं फडकं अंथरलं. नदीमचा हात चांगला आहे. त्यानं वार्निश मऊ केलं, कापडी पट्टी सोडवली, एकेक टाका कापला. पानं सुटी झाली. आणि तो थांबला.

“चाचा, ये देखो. छेद दोन आहेत.”

मला आधी कळलं नाही. त्यानं पान उजेडासमोर धरलं. शिवणीच्या कडेला दाभणाची भोकं होती, ज्यातून दोरा गेला होता ती. आणि त्यांच्या शेजारी, जराशी आत, भोकांची आणखी एक ओळ. दोऱ्याशिवायची. कधीतरी आधी शिवलेली आणि उसवलेली. नदीमनं ती जुनी भोकं एकावर एक जुळवत पानं लावली. भोकं बरोबर जुळली तेव्हा क्रम असा लागला होता: गाव आधी, विहिरीची मोटार आधी, मग हिमकाळ, मग काळा पट्टा, आणि सगळ्यांत शेवटी राख.

माझा क्रम. तुम्ही पहिल्यांदा माझ्याच क्रमानं शिवलं होतं.

मी अण्णाकडं बघितलं. तो खाली मान घालून एका मोटारीची तार मोजत होता, नसलेल्या गिऱ्हाइकाची. “तुला माहीत होतं?” मी विचारलं. त्यानं तार पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. तुम्हाला तर माहीत आहे, त्याला बोलायला किती वेळ लागतो.

मग म्हणाला, “तू औरंगाबादला गेल्ता परीक्षेला. शेवटची पुस्तकं आल्ती. लोक येऊन बसले, म्हणाले वाचा. वाचायला कोण? मला हिंदी येती का? आई म्हणली, जा गं, तूच वाच, लोक कवापासून बसलेत. तवा ती पडद्याच्या भाईर आली. पहिल्यांदा. डोक्यावरचा पदर धरून वाचत होती. तुझ्यासारखी मराठी करून.”

“मग?”

“मंग त्याची राख झाली. पुस्तक संपलं. कुणी हललंच न्हाई. बापूरावची मोटार त्याच दिवशी परत जळून आल्ती. ते उठले, च्या तसाच ठेवला आणि निघून गेले. मोटार बी विचारली न्हाई. ही आत गेली आणि रडत बसली. मला म्हणली, जळकी मोटार घेऊन आलेल्या माणसाला मी मेलेला हिरो देऊन घरी लावलं. रात्रीतून समदं उसवलं आणि दुसऱ्या दिवशी परत शिवलं. बापूराव आले तर म्हणली, काका, काल माझ्याकडून पानं मागंपुढं झाल्ती. खरं पुढं हाय, बसा.”

“आणि ते बसले?”

“बसले की. च्या बी घेतला.”

“मला का नाही सांगितलं कधी?”

अण्णानं पहिल्यांदा वर बघितलं. “ती म्हणली व्हती, भाऊजींना सांगू नका. त्यांनाच वाचून दाखवायचंय लोकांना. त्यांना ठाऊक झालं तर त्यांचा आवाज बदलंल.”

वहिनी, मी तेव्हा दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. ऊन होतं, ट्रक चालले होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यातून पाणीही येत होतं. इतकी वर्षं पुरावे गोळा करणारा मी, भिंग आणणारा मी. आणि तुम्ही सगळं ठाऊक असून ‘धुतला असंल’ म्हणत भाकरी उलटत राहिलात. वादात चुकीची बाजू तुम्ही जाणूनबुजून घेतलीत, म्हणजे मला बिनघोर वाचता यावं. माझा आवाज तुम्ही राखलात. त्याच आवाजावर माझं घर चाललं, पोरं शिकली. आभार म्हणायला गेलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, ‘बसा, च्या घ्या.’ तरी म्हणतो. लई आभार, वहिनी.

नदीम फोटो घेऊन गेला. तो तडितवीर मूळ क्रमानं छापणार आहे, जसा लिहिला गेला तसा, राखेवर संपणारा. ते बरोबरच आहे, ज्यांनी तो रचला त्यांचाही काही हक्क आहे. पण त्यानं आपण होऊन विचारलं, “चाचा, सुरुवातीला लिहू का, की जालन्याकडं ही गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं वाचली जायची?” मी म्हटलं, लिही. आणि मेळाव्यात, गावागावात कुणी मला विचारलं तर मी काय सांगणार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तडतड्या राख झाला, आणि मंग येऊन त्यानं मोटार चालू केली.

हे लिहितानाही मी तसंच केलंय. दवाखाना, खिडकी, ती गर्दी, हे सगळं मधेच शिवून टाकलंय. पुढचं पान राहिलंय, ते आता लावतो.

एक्क्याऐंशी सालचा उन्हाळा. अण्णाच्या लग्नाचा दुसरा दिवस. मी सुट्टीला आलेलो, अजून नापास व्हायचा आहे. ओसरीवर बायकांचा घोळका आणि मधे नव्या नवरीची पत्र्याची पेटी. काय काय आणलंय ते बघायचा उत्साह. आई एकेक साडी वर काढतेय, आत्या पोत बघतेय. साड्या संपतात आणि खाली पुस्तकंच पुस्तकं निघतात. आत्या एक उचलते, लांब धरते, “अगं बाई, हा कोण गं चड्डीवाला?” सगळ्या बायका खो खो हसतात. नवरी खाली मान घालून बसलेली. आता रडणार, असं मला वाटतं.

ती मान वर करते. हातातल्या हिरव्या बांगड्या वाजतात. “हसू नका,” ती म्हणते, “त्याची गोष्ट लई मोठी हाय.” आत्याच्या हातातून पुस्तक काढून घेते, धूळ नसताना पदरानं पुसते. मग इकडं तिकडं बघते आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्यावर तिची नजर थांबते.

“भाऊजी, तुम्हाला हिंदी वाचता येती का?”

“येते.”

“मंग बसा ना. पहिल्यापासून सुरू करू.”